फोन आला नाही तर या

यशश्रीच्या साखरपुड्याच्या दिवशी सकाळी प्रेमाताईंनी नवऱ्याचा फोन बंद करून आपल्या पर्समध्ये टाकला आणि पुढच्या सगळ्या रामायणाला तिथून सुरुवात झाली.

"आजचा दिवस हा माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "तुम्ही नुसतं हसायचं. येतील त्यांना 'या, बसा' म्हणायचं. बाकी सगळं छान होणार आहे."

"अगं, पण मला एक-दोन फोन करायचे होते."

"कुणाला?"

उपेंद्ररावांनी रुमालाने कपाळ पुसलं. कुणाला ते सांगायची सोय असती तर त्यांच्या कपाळावर सकाळी सकाळी घाम आला नसता. बंगलोरच्या हवेत सकाळी घाम यायला माणसाला तसंच काहीतरी कारण लागतं.

उपेंद्ररावांची सगळी नोकरी एका सरकारी संशोधन संस्थेत झाली. तिथे त्यांचं काम एकच. दुसऱ्यांनी बनवलेलं यंत्र कुठे आणि कसं बिघडेल, याचा विचार करायचा. काळजी करायची म्हणून सरकार पगार देतं आणि करून झाल्यावर पेन्शनही देतं, असं भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येतं. त्यांचा मंत्र असा होता की महत्त्वाच्या कुठल्याही भागावर एकट्याने विसंबायचं नाही, त्याच्या शेजारी तेवढ्याच ताकदीचा दुसरा तयार ठेवायचा. त्याला ते 'स्टँडबाय' म्हणत. निवृत्त झाल्यावर संस्थेने त्यांच्याकडून टेबल, खुर्ची, ओळखपत्र सगळं परत घेतलं, पण हा मंत्र परत घ्यायचं राहून गेलं. त्यामुळे घरात मिक्सर दोन, इस्त्र्या दोन आणि स्वतः उपेंद्ररावांच्या धोतराला, म्हणजे नेसायची वेळ आलीच तर, पट्टा आणि सेफ्टी पिन असे दोन आधार असत. त्यांचं प्रत्येक वाक्य 'समजा'ने सुरू व्हायचं. समजा गॅस गळला. समजा लिफ्ट अडकली. समजा दोन्ही झालं.

प्रेमाताईंचं बरोबर उलटं होतं. दूध तापत ठेवून त्या शेजारी गप्पा मारायला जात, कारण दूध उतू जाणार नाही याची त्यांना खात्री असे. ते उतू गेलं की "बरं झालं, ओटा धुवायचाच होता" म्हणत. कुणालाही तोंडावर नाही म्हणणं त्यांना जमत नसे. कुठलीही अडचण थोडी मुरू दिली की आपोआप गोड होते, अशी त्यांची लोणच्यासारखी श्रद्धा होती.

या दोघांची एकुलती एक मुलगी यशश्री. तिने स्वतःच जमवलेला विराट हा शहाजीराजांच्या वेळेपासून बंगलोरात स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातला. वडील नागोजीराव यांचं चिकपेटला साड्यांचं दुकान, आणि विराटचा पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत स्प्रिंगा बनवायचा छोटा कारखाना. स्थळ कळल्यावर उपेंद्ररावांनी त्या कारखान्यातली एक स्प्रिंग मागून आणली आणि रोज संध्याकाळी बातम्या बघता बघता ती दाबत बसले. महिनाभराने अंगठा सुजला, पण स्प्रिंग होती तशीच होती. तेव्हा कुठे त्यांनी होकार दिला.

साखरपुड्याची तारीख ठरल्यावर यशश्रीने बापाला समोर बसवलं.

"बाबा, दोन गोष्टी. साखरपुड्याच्या दिवशी 'समजा' हा शब्द बोलायचा नाही. आणि नो स्टँडबाय. प्लीज. दिज आर नॉर्मल पीपल. त्यांना आपण वेडे वाटायला नको. माझी शपथ घ्या."

उपेंद्ररावांनी मान हलवली. अडचण एवढीच होती की दुसरे गुरुजी भीमाचार्य आणि दुसरे स्वयंपाकी आप्पाजी त्यांनी त्याआधीच ठरवून ठेवले होते. आणि तेही नुसते ठरवले नव्हते. त्यांना निरोप देताना उपेंद्ररावांनी आपलं सगळं कसब पणाला लावलं होतं. रेल्वेच्या सिग्नलची तार तुटली तर सिग्नल आपोआप लाल होतो, हिरवा होत नाही. त्याच न्यायाने त्यांनी दोघांना बजावलं होतं, "सकाळी दहाच्या आत 'येऊ नका' असा माझा फोन आला, तर येऊ नका. फोन आला नाही तर या. कारण समजा मलाच काही झालं, तर बोलावणारा फोन कोण करणार?"

नोकरीत या हुशारीबद्दल त्यांना बक्षीस मिळालं असतं. इथे फोन प्रेमाताईंच्या पर्समध्ये होता.

कार्यक्रम जयनगरमध्ये, बाजारपेठेतल्या एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावरच्या छोट्या हॉलमध्ये होता. उपेंद्रराव तिथे पोचले आणि आणखीच घाबरले, कारण सगळं व्यवस्थित होतं. स्वयंपाकी पहाटेच आला होता आणि केसरीभाताचा वास जिन्यापर्यंत येत होता. गुरुजी वेळेआधी येऊन चौरंगाशी तांदूळ मांडत बसले होते. त्यांची तब्येतही उत्तम दिसत होती. एखादी गोष्ट तरी बिघडली असती तर उपेंद्ररावांना बरं वाटलं असतं. आता दोन स्टँडबाय येणार आणि त्यांना करायला काहीही काम नसणार.

त्यांनी यशश्रीला गाठलं.

"जरा तुझा फोन दे."

"का? काय झालं?"

"काही नाही. सहज."

"बाबा, तुम्ही सहज काहीच करत नाही. कुणाला फोन? नंबर सांगा, मी लावून देते."

नंबर! उपेंद्ररावांना ऑफिसातल्या जुन्या खोलीचा नंबर तोंडपाठ होता, सासुरवाडीचा कधीच बंद झालेला लँडलाइन नंबर पाठ होता. भीमाचार्यांचा आणि आप्पाजींचा नंबर मात्र फक्त त्या फोनच्या पोटात होता. नंबर कागदावरही लिहून ठेवावा, हे त्यांना सुचलं नव्हतं. त्यांनी हसण्याचा प्रयत्न केला. यशश्रीला ते हसू बघून जास्तच काळजी वाटली.

एवढ्यात संधी चालून आली. प्रेमाताई दारात रांगोळी काढायला बसल्या आणि पर्स खुर्चीवर राहिली. उपेंद्रराव इकडेतिकडे बघत खुर्चीजवळ गेले, पर्स उघडली आणि आत हात घातला. हाताला रुमाल लागला, कंगवा लागला, खडीसाखरेची पुडी लागली. फोन काही लागेना. हात कोपरापर्यंत आत गेला आणि पाठीमागून आवाज आला.

"काय अण्णा, काय हुडकताय?"

नागोजीराव! शेजारी जरीच्या हिरव्या साडीत त्यांच्या पत्नी भाग्यलक्ष्मी, मागे विराट आणि घरची चार माणसं.

"लवकर आलो की हो आम्ही," नागोजीराव म्हणाले. "मेट्रो थेट हाय. चिकपेटला बसलो, जयनगरला उतरलो. ट्राफिकचं नावच नाही."

"ती अक्कांची पर्स न्हवं?" भाग्यलक्ष्मींनी विचारलं. त्यांचा प्रश्न साधा होता, पण नजर उपेंद्ररावांच्या कोपरावर होती.

प्रेमाताई रांगोळीचे हात घेऊन धावत आल्या. "अहो, अंगठ्या बघतायत ते. त्यांना सगळं तपासून घ्यायची सवय आहे. या ना, बसा ना!" आणि त्यांनी पर्स उचलून काखेत घट्ट धरली. ती पुढे सुटली नाही.

उपेंद्ररावांच्या ओठांवर 'समजा' आला होता. यशश्रीने डोळे वटारले. त्यांनी तो गिळला.

"मी जरा खाली जाऊन येतो," ते म्हणाले. फाटकाशी उभं राहून येणाऱ्यांना तिथूनच परतवावं, असा त्यांचा बेत होता.

"आता खाली कशाला?" नागोजीरावांनी त्यांचा हात धरला. "आम्ही आलो, आता कुणाचं स्वागत करताय? बसा स्वल्प. तुमच्याशी बोलायचंच झालं नाही कधी. पोरगी सांगते, बाबा लई विचार करतात."

नागोजीरावांची पकड दुकानदाराची होती. गिऱ्हाईक उठायला लागलं की खांद्यावर हात ठेवून पुन्हा बसवायचं, हे त्यांनी जन्मभर केलेलं. उपेंद्रराव बसले. समोर केसरीभात आणि उप्पीट आलं. पाहुणे खाऊ लागले. घड्याळात दहा वाजून गेले आणि उपेंद्ररावांची नजर दारावरून हलेना.

पहिले आले भीमाचार्य. जिना चढून दारात उभे राहिले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर गंभीर भाव होते. चप्पल काढून ते थेट उपेंद्ररावांजवळ आले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "धीर धरा. फोन आला नाही, तेव्हाच समजलो. कुठल्या हॉस्पिटलात नेलं गुरुजींना?"

चौरंगाशी तांदळाच्या राशीवर सुपारी ठेवत असलेल्या गुरुजींनी मान वर केली. "कुठल्या गुरुजींना?"

भीमाचार्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग उपेंद्ररावांकडे पाहिलं. "हे कोण?"

"हे गुरुजी," उपेंद्रराव पुटपुटले.

"मग आजारी कोण आहे?"

"अजून कुणी नाही."

"अजून नाही म्हणजे?" गुरुजींनी सुपारी खाली ठेवली. "तुम्ही माझ्या आजारपणाची तयारी करून ठेवली होती?"

उपेंद्ररावांना उत्तर द्यायची गरज पडली नाही, कारण त्याच वेळी जिन्यावर भांड्यांचा खणखणाट झाला. स्वयंपाकी आप्पाजी दोन माणसांकडून एक भलं मोठं पातेलं उचलवून वर येत होते. दारातच त्यांनी ओरडून विचारलं, "साहेब, विषबाधा किती जणांना झाली?"

भाग्यलक्ष्मींच्या हातातला केसरीभाताचा चमचा तोंडापाशी थांबला, मग हळूहळू पुन्हा बशीत गेला. त्यांच्यासोबतच्या एका काकांनी तर बशी खुर्चीखाली सरकवली.

"कुणालाही नाही!" उपेंद्रराव किंचाळले. "खा, खा तुम्ही! अन्न चांगलं आहे!"

"मग मला कशाला बोलावलं?" आप्पाजी म्हणाले. "तुम्हीच म्हटलात, फोन आला नाही म्हणजे पहिलं जेवण बिघडलं असं धरायचं. मी सांबार करूनच आणलंय बघा."

आतून पहिला स्वयंपाकी झारा घेऊन बाहेर आला. त्याला आपल्या जेवणाबद्दल काहीतरी ऐकू आलं होतं.

यशश्री जागेवरून उठली. "बाबा. तुम्ही शपथ घेतली होती."

"शपथ नंतर घेतली," उपेंद्रराव काकुळतीने म्हणाले. "हे आधी ठरवलं होतं."

मग त्यांना सगळंच सांगावं लागलं. सिग्नल, तार, फोन, पर्स. सांगता सांगता त्यांचा आवाज बारीक होत गेला. नागोजीराव भुवया उंचावून ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "म्हणजे अण्णा, प्रत्येक गोष्ट दोन-दोन?"

"महत्त्वाची असेल ती."

"आणि अंगठ्या?" भाग्यलक्ष्मींनी विचारलं.

उपेंद्ररावांनी झब्ब्याच्या आतल्या खिशातून अंगठ्यांची दुसरी डबी काढली आणि मान खाली घालून चौरंगावर ठेवली.

नागोजीराव खो-खो हसायला लागले. ते हसले तसे विराट हसला, काकांनी बशी खुर्चीखालून बाहेर काढली आणि दोन्ही गुरुजींनी एकमेकांना नमस्कार केला. प्रेमाताई पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "बघा, मी म्हणत नव्हते, सगळं छान होतं!" उपेंद्ररावांच्या जिवात जीव आला. वाईटात वाईट व्हायचं ते होऊन गेलं, असं आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना वाटलं. आयुष्यभर जी चूक केली नाही ती त्यांनी नेमकी तेव्हा केली.

कारण दारात रघुनंदन उभे होते. रघुनंदन म्हणजे संस्थेत उपेंद्ररावांच्या शेजारच्या टेबलावर बसून तेच काम केलेले त्यांचे जुने स्नेही. त्यांच्या हातात चांदीचं ताट, ताटात नारळ, ब्लाउजपीस आणि पेढे. आणि त्यांच्या मागे त्यांचा मुलगा मकरंद, मोतिया रंगाच्या शेरवानीत, केसांना चोपून तेल लावलेला.

"उशीर नाही ना झाला?" रघुनंदन हसत म्हणाले आणि मग गर्दी बघून थबकले.

नागोजीरावांच्या नजरेने चौरंगाचा फेरा घेतला. गुरुजी दोन. स्वयंपाकी दोन. अंगठ्यांच्या डब्या दोन. मग ती नजर विराटच्या झब्ब्यावर गेली आणि तिथून सावकाश मकरंदच्या शेरवानीवर जाऊन थांबली.

उपेंद्ररावांनी बायकोकडे पाहिलं. प्रेमाताईंचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"हे काय?" उपेंद्ररावांनी हळूच विचारलं. "रघुनंदनने यशूला मागणी घातली होती, तेव्हा मी तुला म्हटलं होतं ना, नाही म्हणून कळव?"

"नाही कसं म्हणायचं तोंडावर?" प्रेमाताई कुजबुजल्या. "मी म्हटलं, बघू, होईल काहीतरी चांगलं. परवा पुन्हा त्यांचा फोन आला, तेव्हा म्हटलं शनिवारी कार्यक्रम आहे, दोघंही या. मला वाटलं, इथं आले की त्यांचं त्यांनाच कळेल आणि आपल्या आनंदात आनंद मानतील."

"अण्णा," नागोजीरावांचा आवाज आता दुकानातला राहिला नव्हता. "हा पण स्टँडबाय काय?"

"बाबा!" यशश्री ओरडली. तिचे डोळे भरून आले होते. "नवरासुद्धा?"

भाग्यलक्ष्मींनी ओटीसाठी काढलेली साडी घडी घालून पुन्हा पिशवीत ठेवली. नागोजीराव आणि विराट उभे राहिले. घरची चार माणसं चपला कुठे काढल्या ते आठवू लागली. लेकीचं ठरलेलं लग्न डोळ्यांदेखत मोडायला निघालं होतं.

आणि आश्चर्य असं की उपेंद्ररावांच्या छातीतली धडधड थांबली. हे लग्न त्यांनी गेले तीन महिने रोज मनात मोडलं होतं. कधी हुंड्याच्या गैरसमजातून, कधी आगीतून, कधी भूकंपातून. बाकीच्यांना हे संकट नवं होतं. त्यांच्या ते घरचंच होतं. शेजारी प्रेमाताईंचा हात थरथरत होता, हे मात्र त्यांना नवं होतं. त्यांनी तो कधी थरथरताना पाहिला नव्हता.

खरं सांगितलं तर विहिणीच्या नजरेतून प्रेमा कायमची उतरणार. पुढे प्रत्येक सणाला, प्रत्येक डोहाळेजेवणाला तिला हे टोमणे ऐकावे लागणार. आपलं काय, आपली अब्रू आज सकाळपासून हप्त्याहप्त्याने गेलेलीच आहे.

"पण मला तर वहिनींनी," रघुनंदन बोलायला लागले.

"मीच सांगितलं होतं तिला," उपेंद्ररावांनी त्यांचं बोलणं तोडलं. "हो नागोजीराव. तोही मीच ठेवला होता."

प्रेमाताईंनी त्यांच्या बाहीला हिसका दिला. त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

"विराटमध्ये काही कमी आहे म्हणून नाही," ते म्हणाले. "मला भीती वाटते. पोरगी एकुलती एक आहे. ती शाळेत जायची तेव्हा बस दिसेनाशी होईपर्यंत मी गॅलरीत उभा राहायचो आणि दिसेनाशी झाल्यावर आणखी घाबरायचो. चांगलं काही समोर आलं की ते जाईल कसं, हेच मला आधी दिसतं. हा माझा दोष आहे. पोरीचा यात काही संबंध नाही. तिला वेगळं काढा आणि माझ्यावर काय राग काढायचा तो काढा."

पुढे आले ते रघुनंदन. त्यांनी चांदीचं ताट खुर्चीवर ठेवलं.

"उपेंद्र, माझ्या मुलाला तू स्टँडबाय ठेवलास?"

"हो. माफ कर मला."

रघुनंदन मकरंदकडे वळले आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरलं. "मकरंद, तुला माहीत नाही, आमच्याकडे स्टँडबाय म्हणून कधी दुय्यम माल ठेवत नसत. मूळ यंत्राच्या तोडीस तोड असेल तरच ठेवायचा. उपेंद्रने तुला ठेवलं, म्हणजे तुझी पारख केली असणार."

"बाबा, प्लीज," मकरंद म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "मला तर तुम्ही लंच आहे म्हणून आणलंत. कुणाचं लग्न ते मला माहीतच नाही."

कुठेतरी फिसकन हसू फुटलं. ते भाग्यलक्ष्मींचं होतं. त्यांनी लगेच तोंड मिटलं, पण नागोजीरावांनी ते पाहिलं. ते परत खुर्चीवर बसले.

"चिकपेटला आमच्या दुकानात लग्नाची साडी घ्यायला येतात," ते म्हणाले. "पोरगी एक साडी पसंत करते. तिची आई म्हणते, ही दुसरी जरा बाजूला ठेवा हो, कुणाला दाखवू नका. मी ठेवतो. इतकी वरसं ठेवत आलो. नेतात मात्र पहिलीच. आईला आपला धीर पाहिजे असतो, म्हणून दुसरी बाजूला. साडी आईला थोडीच नेसायची असती?" ते यशश्रीकडे वळले. "तू सांग अम्मा. बापाचं सोड. तुझी पसंती काय?"

"विराट," यशश्री नाक ओढत म्हणाली. "फक्त विराट. मी दुसरं काही बाजूला ठेवलेलं नाही. आणि आजपासून बाबांनाही ठेवू देणार नाही."

"सरी, ठीक हाय," नागोजीराव म्हणाले. "मग गुरुजी, चालू करा. दोघं मिळून करा, आवाज मोठा येईल."

भाग्यलक्ष्मींनी साडी पुन्हा पिशवीतून काढली.

अंगठ्या घातल्या गेल्या. भीमाचार्यांच्या आणि गुरुजींच्या मंत्रांची अशी काही चढाओढ लागली की खालच्या दुकानातले लोक वर बघायला आले आणि आप्पाजींच्या सांबाराला गिऱ्हाईक मिळालं. मकरंदने दोन्ही स्वयंपाक्यांचं जेवण चवीने खाल्लं आणि विराटशी स्प्रिंगांबद्दल बोलत बसला. पंगतीत उपेंद्रराव ताक वाढत होते. वाढता वाढता त्यांच्या लक्षात आलं की प्रेमाताई कुठे दिसत नाहीत.

त्या सापडल्या मागच्या खोलीत, रिकाम्या पातेल्यांच्या मध्ये, उलट्या घातलेल्या टोपलीवर बसलेल्या. रडून रडून डोळे सुजले होते.

"का अंगावर घेतलंत तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"माझं नाव तसंही गेलेलंच होतं. त्यात आणखी थोडं."

"आणि मोडलं असतं तर?"

उपेंद्रराव चपापले. हा प्रश्न त्यांच्या घरात नेहमी त्यांनीच विचारलेला होता. ते दुसऱ्या टोपलीवर बसले.

"तुला भीती वाटली?"

"वाटली म्हणजे?" प्रेमाताई उसळून म्हणाल्या. "मला रोज वाटते. यशू गाडी शिकली तेव्हा वाटली, तुमचं ऑपरेशन होतं तेव्हा तर पोटात अन्न ठरत नव्हतं. पण मी कधी घाबरायचं? मी घाबरायला जावं तर तुम्ही आधीच घाबरून बसलेले! घरात दोघंही घाबरून बसले तर पोरीला डबा कोण करून देणार? कुणीतरी 'होईल सगळं नीट' म्हणायला हवं. तुम्ही तर म्हणणार नव्हता. मग मीच म्हणत आले. म्हणून म्हणून तेच तोंडात बसलं. सगळ्यांनाच तसं म्हणायला लागले. रघुनंदनांनासुद्धा."

बाहेर कुणीतरी ताक मागत होतं. उपेंद्रराव उठले नाहीत. बायको दूध तापत ठेवून शेजारी जाते, छत्री न घेता बाहेर पडते, तेव्हा ही बाई कसली निर्धास्त आहे म्हणून आपण चिडलो, कधी मनात हेवाही केला. तिची छाती धडधडत असेल हे एकदाही मनात आलं नाही. घरातल्या प्रत्येक वस्तूला त्यांनी दुसरी जोड ठेवली होती. मिक्सरला होती, इस्त्रीला होती. धीर द्यायला मात्र सगळ्या घरात एकटी प्रेमाच होती, आणि ती कधी बिघडेल असा विचार करायचं काम ज्याचं होतं, त्याने तो केला नव्हता. उपेंद्ररावांना स्वतःची फार लाज वाटली.

"आज माझ्याच्याने होत नाही हो," प्रेमाताई म्हणाल्या. "अजून लग्न व्हायचंय. आता एवढ्या सहा महिन्यांत काही झालं म्हणजे? आज तुम्ही म्हणा."

"काय म्हणू?"

"तेच. मी म्हणते ते."

उपेंद्ररावांनी घसा साफ केला. "सगळं," त्यांनी सुरुवात केली आणि तिथेच अडकले. लग्नाचा हॉल, हॉलच्या वायरिंगची अवस्था, तापाच्या साथी, स्प्रिंगांचा धंदा, सगळं एकदम त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं. ते थांबले. बायकोचा हात त्यांनी हातात घेतला. पुन्हा एकदा त्यांनी सगळा धीर गोळा केला.

"बिघडण्याची शक्यता," ते म्हणाले, "तशी कमी आहे."

प्रेमाताईंनी डोळे पुसले आणि त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "पुन्हा म्हणा."

आणि उपेंद्ररावांनी ते पुन्हा म्हटलं.